नावाचं तेरावं

२०१४ सालची रायगड लोकसभा आठवते? मतदानयंत्रावर सुनील तटकरे दोन होते. एक राष्ट्रवादीचे, दुसरे अपक्ष. दुसऱ्यांनी ९,८४९ मतं खाल्ली आणि पहिले २,११० मतांनी पडले. एका नावाची दोन माणसं उभी करणं ही आपल्या लोकशाहीची मौलिक देणगी. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. नाव कागदोपत्री बरोबर होतं ना, मग झालं!

जर्मन लोक शिस्तीचे. त्यांनी २०२१ साली नेमका उलटा प्रयोग करून पाहिला. उमेदवार एकच, नावं दोन.

सप्टेंबर महिना, जर्मन संसदेची म्हणजे बुंडेस्टागची निवडणूक, न्युर्नबर्ग-उत्तर मतदारसंघ, ग्रीन पक्षाची पारलिंगी उमेदवार. पोस्टरवर टेसा गान्झरर, सभेत टेसा गान्झरर, टीव्हीवर टेसा गान्झरर. मतदार पडद्याआड गेला की मतपत्रिकेवर मात्र १९७७ साली आईबापांनी ठेवलेलं मुलाचं नाव. प्रचारात आपल्याकडे कार्यकर्ते ओरडून चिन्ह सांगतात, कारण मतदाराला नाव वाचता येईल याची खात्री नसते. तिथं सगळे साक्षर, तरी जीव टांगणीला, कारण वाचलेलं नाव ओळखीचं निघेल याची खात्री नाही. ते नाव काय होतं, हे मी इथं छापणार नाही. ज्यांना खाज आहे त्यांनी स्वतःच खाजवावी.

आता कुणी शहाणा विचारेल, बाईंनी सरळ कायद्यानं नाव बदलून का नाही घेतलं? घेता आलं असतं. १९८१ पासून तिथं कायदा होता. न्यायालयात अर्ज करायचा, न्यायालय दोन तज्ज्ञ नेमणार, ते तज्ज्ञ तुमच्या बालपणापासून अंथरुणापर्यंत सगळं उकरणार आणि मग लेखी कळवणार की ही बाई खरोखरच बाई आहे. खर्च अर्जदाराच्या गळ्यात. २०११ पर्यंत तर कागदावरचं लिंग बदलायला शस्त्रक्रिया आणि नसबंदीही सक्तीची होती; ती अट घटना न्यायालयानं मोडीत काढली. तज्ज्ञ मात्र राहिले. गान्झररबाईंनी या तपासणीला उभं राहायला साफ नकार दिला. आपल्याकडे मुलगी बघायला येणारे निदान पोहे खाऊन निरोप धाडतात, दाखला देत नाहीत.

पारलिंगी माणसं मागं टाकलेल्या नावाला ‘मेलेलं नाव’ म्हणतात. तेव्हा प्रश्न असा की, मेलेल्याचं तेरावं कुणी घालायचं? घरच्यांनी घातलं. पक्षानं घातलं. २०१३ पासून ज्या बव्हेरियाच्या विधानसभेत त्या आमदार होत्या, तिथं २०१९ च्या जानेवारीत त्या बाई म्हणून येऊन बसल्या. सरकारी दप्तर तेवढं मयताच्या नावानं पत्रं पाठवत राहिलं. दप्तराला सुतक नसतं.

आणि योगायोग बघा, पक्षाच्या यादीत त्यांचा नंबर होता तेरावा.

हा तेरावा नंबर साधा नव्हे. ग्रीन पक्षात १९८६ पासून स्त्रियांसाठी नियमावली आहे: यादीतले विषम क्रमांक बायकांचे, सम क्रमांक सगळ्यांना खुले. म्हणजे एक, तीन, पाच असं करत तेरावी जागा बाईची. मतदारसंघात गान्झरर हरल्या, पण तेरा नंबरनं त्यांना बुंडेस्टागमध्ये नेऊन बसवलं. झालं! बाई कागदावर पुरुष आणि बसली बायकांच्या जागेवर! निवडणुकीवर हरकती घेतल्या गेल्या. ‘एमा’ नावाच्या नामांकित स्त्रीवादी नियतकालिकानं त्यांना कोट्यातली बाई म्हणून चिमटा काढला. ‘एमा’चा पहिला अंक १९७७ चा, गान्झरर यांचा जन्मही १९७७ चा. एकाच साली जन्मलेल्या दोघी, त्यातली एक दुसरीचा जन्मदाखला मागते.

२०२२ च्या फेब्रुवारीत तर कडव्या उजव्या एएफडी पक्षाच्या बेआट्रिक्स फॉन श्टोर्ख भर सभागृहात उभ्या राहिल्या आणि गान्झरर यांचा उल्लेख पुरुष म्हणून करत म्हणाल्या की, स्कर्ट आणि लिपस्टिक ही त्यांची खासगी बाब आहे. खासगी बाब! राष्ट्रीय संसदेत, माईकवरून, इतिवृत्तात नोंद होईल अशा बेतानं सांगितलेली खासगी बाब. निमित्त होतं महिला दिनाच्या चर्चेचं.

मला सगळ्यात जास्त गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. या बाई शिकल्या वनशास्त्र. जन्म त्स्वीझलचा, म्हणजे बव्हेरियाच्या जंगलपट्टीतला. शेजारीच जर्मनीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९७० सालचं. तिथं पुढं साल पोखरणाऱ्या किड्यांनी स्प्रूसची झाडं उभीच्या उभी वाळवली. उद्यानवाल्यांचं धोरण असं की हात लावायचा नाही, निसर्गाला निसर्ग राहू द्यायचं. गावकरी खवळले. मेलेलं जंगल बघवत नव्हतं त्यांना. मग त्या सुकलेल्या खोडांखालून नवं रान आपोआप वर आलं, आधीपेक्षा जास्त मिसळीचं. अशा मुलखातून आलेल्या, झाडाचं वय खोडावरून सांगणाऱ्या उमेदवाराला कुणी किड्यांबद्दल, दुष्काळाबद्दल, लाकडाच्या भावाबद्दल विचारावं की नाही? छे! जिथं जावं तिथं प्रश्न एकच, आणि तो कमरेखालचा.

पर्यावरणवाद्यांचं आधीच अवघड असतं. १९८३ साली ग्रीन पक्ष पहिल्यांदा संसदेत शिरला तो हातात झाडांच्या कुंड्या आणि आम्लपावसानं वाळलेली फांदी घेऊन, तेव्हा बाकीच्यांनी खो खो हसून घेतलं. चाळीस वर्षांनी फांदीचं म्हणणं खरं ठरलं, तोवर हसणाऱ्यांना नवा विषय मिळाला होता. कोळसा, डिझेल, मांस यांवर बोलणारा उमेदवार एरवीही कुणाला आवडत नाही. त्यात तो पारलिंगी असला की लोकांची सोयच होते. न आवडायला दुसरं कारण शोधावं लागत नाही, आणि कोळशावर उत्तर देण्याचीही गरज उरत नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा, पुन्हा तेराच.

सगळ्या युरोपात असंच असतं असंही नाही. शेजारच्या बेल्जियमचं उदाहरण घ्या. पेट्रा डी सटर, पारलिंगी, त्यांच्याकडच्या ग्रीन पक्षाच्या. पेशानं स्त्रीरोगतज्ज्ञ, गेंट विद्यापीठात प्रजननवैद्यकाच्या प्राध्यापक. १ ऑक्टोबर २०२० ला देशाच्या उपपंतप्रधान झाल्या. टपाल आणि दूरसंचार तेव्हा त्यांच्याकडे आलं. तिथल्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली ती खातेवाटपाची. मूल हवं म्हणून येणाऱ्या जोडप्यांनी ज्यांच्यावर भरवसा टाकला, त्यांच्यावर टपालखातं सोपवायला देश का घाबरेल?

आपल्याकडे हिरवा पक्ष म्हटलं की एक तर लोक धर्माचा विचार करतात, नाही तर वयाचा, देठ हिरवा असण्याच्या अर्थानं. झाडांचा कुणीच करत नाही. जाहीरनाम्यात पर्यावरण शेवटून दुसऱ्या पानावर, आभाराच्या आधी. त्यामुळे पारलिंगी उमेदवार ग्रीन पक्षाकडून, हा योग महाराष्ट्रात इतक्यात येणे नाही. पण अर्धा योग आलेला आहे, आणि तोही गान्झररबाईंच्या आधी नऊ महिने.

जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुक. ग्रामपंचायतीची निवडणूक. अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्यांनी तो बाद केला: तुम्ही तृतीयपंथी, ही जागा बायकांची. तोच विषम क्रमांकाचा घोळ, फक्त अहिराणी मुलखात. उमेदवार औरंगाबाद खंडपीठात गेल्या आणि २ जानेवारी २०२१ ला निकाल घेऊन आल्या. आपलं लिंग कोणतं हे आपण ठरवायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ सालीच सांगून ठेवलं होतं, २०१९ च्या कायद्यातही ते होतं, मग अर्ज घ्या. घेतला. निवडणूक झाली आणि त्या निवडून आल्या. याआधी २०१७ साली माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळनं ज्ञानदेव ऊर्फ माऊली कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच करून टाकलं होतं, आणि गावानं त्याबद्दल एकही परिसंवाद भरवला नव्हता.

यावरून आपण पुढारलेले, जर्मन मागासलेले, असा ढोल बडवायला कुणी निघालं असेल तर त्यानं कृपया थांबावं. २०१९ च्या आपल्या कायद्यानं एका हातानं स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला आणि दुसऱ्या हातानं जिल्हाधिकाऱ्याकडे प्रमाणपत्राला पाठवलं. न्युर्नबर्गला दोन तज्ज्ञ, आपल्याकडे एक कलेक्टर. बचत एका माणसाची.

जर्मनांनी शेवटी तो जुना कायदा बदलला. १२ एप्रिल २०२४ ला ३७४ विरुद्ध २५१ मतांनी. आता तज्ज्ञ नाहीत, न्यायालय नाही. नोंदणी कार्यालयात तीन महिने आधी कळवायचं आणि सही करायची. जर्मन सावधगिरी म्हणून सौनाच्या मालकाचा कुणाला आत घ्यायचं हा हक्क शाबूत ठेवलाय, आणि युद्ध लागलं तर ऐनवेळी बाई होऊन सैन्यातून सुटता येणार नाही, असंही एक कलम आहे. रणगाड्यांच्या आवाजात कुणी नोंदणी कार्यालयापुढं रांग लावील, ही कल्पना ज्या मेंदूतून निघाली त्याला दाद द्यायला हवी. मतदानात ग्रीन पक्षवाले या कलमांसकट ‘हो’ म्हणाले. सत्तेत बसलं की कुंडीतली झाडंसुद्धा आकारात कापावी लागतात.

कायदा लागू झाला १ नोव्हेंबर २०२४ ला. २३ फेब्रुवारी २०२५ ला जर्मनीत पुन्हा निवडणूक झाली. गान्झरर यांनी आपण उभं राहणार नाही, हे त्याआधीच जाहीर केलं होतं. जवळपास साडेतीन वर्षं खासदार राहिलेल्या बाईचं ‘टेसा गान्झरर’ हे नाव बुंडेस्टागच्या मतपत्रिकेवर एकदाही छापलं गेलं नाही.