नाव : नेहमीचीच

‘हजेरी’ हा अरबी ‘हाजिर’पासून आलेला शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो: एक म्हणजे उपस्थितीची नोंद, आणि दुसरा म्हणजे एखाद्याला चारचौघांत फैलावर घेणे. गृहनिर्माण संस्थेच्या क्लबहाउसमध्ये मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असा आठवड्यातून तीनदा सकाळी सहाला भरणाऱ्या योगवर्गासाठी जेव्हा ऑनलाइन नोंदणीचा फॉर्म काढला जातो, तेव्हा हेतू पहिल्या अर्थाचा असतो. परंतु दोन-तीन आठवड्यांत कारभार दुसऱ्या अर्थावर येतो आणि हजेरी घेतली जाते ती फॉर्म काढणाऱ्याची. ह्या इसमास ‘समन्वयक’ म्हणतात. समन्वयक म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत ज्याला वेळेवर ‘नाही’ म्हणता आले नाही, असा सभासद.

फॉर्मची गरज मात्र खरी असते. क्लबहाउसात वीस मॅट मावतात, व्हॉट्सॲपच्या गटात चाळीस नावे असतात, आणि शवासनात पसरलेला हात शेजाऱ्याच्या नाकावर पडू नये इतपत अंतर राखायचे, तर आदल्या रात्री आकडा कळावा लागतो. त्यासाठी बहुधा गूगल फॉर्म वापरला जातो. 2008 साली हे साधन आले ते स्प्रेडशीटचे, म्हणजे उभ्या-आडव्या रकान्यांच्या तक्त्याचे, एक अंग म्हणून, आणि त्याचा मूळ स्वभाव अजूनही तोच आहे: कोणी फॉर्म भरला की तक्त्यात एक ओळ वाढते. सहल, स्नेहभोजन, रक्तदान अशा एकदा होऊन संपणाऱ्या कार्यांना एवढे पुरते. वर्ग हा पुनरावर्ती, म्हणजे आज उरकला असे वाटताच परवा पुन्हा उगवणारा असतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

दर वर्गाला नवा फॉर्म काढावा, तर महिन्यात बारा-तेरा लिंका गटात साचतात, आणि हाताला जी लागेल ती लिंक भरण्याची सभासदांची पद्धत असल्यामुळे, मागच्या महिन्यात होऊन गेलेल्या एखाद्या गुरुवारची उपस्थिती आजही वाढत असते. एकच फॉर्म ठेवून त्यात ‘एका व्यक्तीस एकच प्रतिसाद’ ही सोय चालू करावी, तर मंगळवारी नाव दिलेल्यास गुरुवारी ‘तुम्ही आधीच प्रतिसाद दिला आहे’ असे ऐकवले जाते आणि त्याच्या योगसाधनेची तिथेच सांगता होते. उरतो तिसरा मार्ग, म्हणजे सर्वांना वाटेल तितक्या वेळा भरता येईल असा एकच फॉर्म आणि त्यात तारखेचा प्रश्न. हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा होय. फक्त प्रश्न नुसता ‘तारीख’ एवढाच ठेवला, तर काही जण वर्गाची, काही जण फॉर्म भरल्याची आणि निदान एक जण जन्माची तारीख देतो.

म्हणून तारीख लिहू न देता निवडू द्यावी, असे जाणकार सांगतात. निवडीच्या खुणा दोन. गोल खुणेला ‘रेडिओ बटण’ म्हणतात, कारण जुन्या रेडिओवर एक कळ दाबली की आधीची दाबलेली वर उसळत असे, तसा येथे एका वेळी एकच पर्याय टिकतो. चौकोनी खूण म्हणजे ‘चेकबॉक्स’. तिथे हवे तितके पर्याय घेता येतात. समन्वयकाने चौकोन दिले की महिन्याच्या एक तारखेस झाडून सारे सभासद तेराच्या तेरा वर्गांवर खूण करून मोकळे होतात, आणि त्या रात्री तक्ता पाहणाऱ्यास अख्खी सोसायटी ऋषिकेशला निघाली आहे असे वाटते.

हा तक्ता जवळून पाहण्यासारखा असतो. पहिल्या रकान्यात फॉर्म भरल्याची वेळ यंत्र स्वतःच टाकते. बहुतेक नोंदी रात्री साडेदहाच्या आसपासच्या, तर काही सकाळी 6:52च्या, म्हणजे थेट शवासनातून केलेल्या, असतात. दुसरा रकाना नावाचा. एकच बाई पहिल्या आठवड्यात ‘सौ.’सकट संपूर्ण नाव लिहितात, पुढे रोमन लिपीत नुसते आडनाव, मग ‘बी-402’, मग ‘वरीलप्रमाणे’, आणि महिनाअखेरीस ‘नेहमीचीच’. माणसाला ह्यात काही अडत नाही, पण तक्त्याच्या लेखी ह्या पाच स्वतंत्र बाया असतात. उलट ‘आम्ही दोघे’ अशी एका ओळीची नोंद यंत्र एकच माणूस धरते. ह्या दोन चुका परस्परांना खाऊन कधीकधी महिन्याची बेरीज अगदी बरोबर येते, आणि समन्वयकाचा फॉर्मवरील विश्वास टिकून राहतो तो त्यामुळेच. नावे लिहू न देता यादीतून निवडायला लावण्याचा उपायही होऊन गेलेला आहे. मात्र मोबाइलवर अंगठा एका ओळीने घसरला की काशीयात्रेस गेलेले गृहस्थ भुजंगासनात हजर दिसू लागतात.

ह्या गोंधळाचे खापर यंत्रावर फोडणे अन्यायाचे ठरेल. मराठी घरात नोंद ठेवायची ती हजेरीची नव्हे, खाड्याची. खाडा म्हणजे ठरलेल्या कामाचा चुकलेला दिवस. दूधवाला, पेपरवाला, कामाच्या मावशी ह्यांचे खाडे 1973पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’च्या चौकोनांत पेन्सिलीने लिहिले जातात, जो दिवस सुरळीत पार पडला तो कोरा राहतो, आणि महिन्याचा हिशेब त्यावरून बिनचूक होतो. फॉर्म नेमके उलटे मागतो, आणि तेही आगाऊ. उद्याविषयी मराठी माणसाकडे ‘हो’ आणि ‘नाही’ ह्यांपेक्षा ‘बघू’, ‘जमवतो’ आणि ‘येऊन जाईन’ हीच उत्तरे अधिक असतात, ज्यांतील ‘जमवतो’ हे बहुधा नकारार्थी आहे. त्यांच्यासाठी ‘इतर’ हा पर्याय ठेवला की त्यापुढच्या कोऱ्या जागेत ‘पाऊस नसला तर’, ‘पाहुणे गेले तर’, ‘गुडघा काय म्हणतो त्यावर’ अशी उत्तरे जमतात. व्हॉट्सॲपवर 2022 साली मतचाचणीची, म्हणजे गटातच प्रश्न टाकून मते मोजण्याची, सोय आली, तिनेही हा पेच सुटला नाही. कारण समन्वयक मज्जाव करायला विसरला की तिथे एकाहून अधिक पर्याय निवडता येतात, आणि ‘येणार’ व ‘येणार नाही’ ह्या दोन्हींवर खूण करणाऱ्या सभासदास विचारले असता दोन्ही खरे असल्याचे तो शांतपणे सांगतो.

तेव्हा उलटा फॉर्म निघणे क्रमप्राप्तच होते. त्यात एकच सूचना होती: ‘येणार नसाल तरच भरा.’ त्याचा क्यूआर कोड, म्हणजे मोबाइलचा कॅमेरा समोर धरताच फॉर्म उघडणारे ठिपक्याठिपक्यांचे चौकोनी चित्र, छापून लिफ्टशेजारी चिकटवण्यात आला. पहिल्या आठवड्यात तक्त्यात एकही ओळ वाढली नाही. मात्र चित्राखालच्या मोकळ्या जागेत, बॉलपेनने, तीन वेगवेगळ्या अक्षरांत ‘गुरु. खाडा’, ‘मी पण’ आणि ‘शनिवारचं बघू’ एवढे लिहिलेले आढळले, आणि त्या गुरुवारी मॅट बरोबर पुरल्या.