आधी बिल भागवा

२४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या आणि आपल्याकडे दोनच गोष्टींचा गवगवा झाला. स्कॉच किती स्वस्त होणार आणि स्वदेशीचं काय होणार? स्कॉचचं गणित करारातच मांडलंय. १५० टक्के आयातकर आधी ७५ वर, मग दहा वर्षांत ४० वर. स्वदेशीचा हिशोब बघायचा तर सातारा नाहीतर सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत जावं, एखाद्या छोट्या मशीन शॉपच्या मालकाला येणं बाकी किती आहे ते विचारावं.

विलायती माल घेऊ नका म्हणणाऱ्यांचा मी आदर करतो. माझी मागणी एवढीच, की देशी माल घेतला तर पैसेही वेळेवर द्या.

स्वदेशीचा विचार सातारा-सांगलीच्या या भागाला कुणी बाहेरून शिकवलेला नाही. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, मूळचे साताऱ्याचे. १८७७ च्या दिल्ली दरबारात हा माणूस खादी घालून गेला, गांधीजी तेव्हा शाळकरी वयाचे होते. काकांनी देशी माल पदरचा तोटा सोसून विकला. स्वदेशीसाठी त्यांनी आधी स्वतःच्या खिशात हात घातला, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, पण तिच्यातला पैशाचा भाग गाळून. त्यांनी लोखंडी नांगर केला तो विलायती नांगर समोर ठेवून, तो नीट अभ्यासून. त्यात कमीपणा काही नव्हता. शेतकरी मात्र हात लावेनात, लोखंडानं जमिनीला विष बाधतं अशी समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. त्यात बेळगावच्या नगरपालिकेनं तिथल्या त्यांच्या कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी स्वदेशीवर भाषण देऊन बोळवण केली नाही. कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पहिल्या महायुद्धात विलायतेहून कच्चं लोखंड येईनासं झालं. देशी नांगराचं लोखंडही विलायती होतं, हे स्वच्छ सांगायला हवं. त्या अडचणीत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि भट्टी चालू राहिली. जमीन, रोकड, कच्चा माल. संस्थानिकांनी जे दिलं ते मोजून घेता येईल असं होतं.

कराडजवळ ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला, तोही याच औंध संस्थानच्या आधारानं. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी परदेशी कंदिलाच्या जागी टांगला गेला. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना सुरू केला आणि १९३३ मध्ये तिथं डिझेल इंजिन तयार झालं. ओगलेंची भट्टी मात्र पुढे विझली. कराडचं रेल्वे स्टेशन आजही ओगलेवाडीत आहे, आणि गाडीतून उतरणाऱ्या किती पोरांना ते नाव कुठून आलं हे ठाऊक असेल, याची मला खरंच खंत वाटते.

आता ब्रिटिश मालाचं बघू. इंग्लंडमधली एसपीपी ही पंपांची जुनी कंपनी २००३ मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सनं विकत घेतली. म्हणजे कुणी हौसेनं विलायती पंप मागवला, तर त्याचा नफा पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीत वाढलेल्या कंपनीकडे येऊ शकतो, मजुरी मात्र इंग्लंडच्या कामगाराला मिळते. उलट जेसीबी. कंपनी ब्रिटिश, पण आपल्या रस्त्यावर चर खोदणारं यंत्र बहुतेक वेळा भारतातच बनलेलं. मग स्वदेशी कोणतं? मालकाचं गाव बघून मी तरी ठरवणार नाही. ओतकाम कुठं झालं, टर्नर-फिटरला काम कुठं मिळालं, सुटा भाग मोडला तर किती दिवसांत हातात पडतो, हे विचारीन.

आणि इथंच आपलं दुखणं आहे. पोरगं सांगलीत आयटीआय करतं, साताऱ्यात लेथवर हात बसवतं आणि चाकण गाठतं. मालक थांबवू शकत नाही, कारण पगार वेळेवर द्यायला त्याच्याकडे पैसे नसतात, कारण त्याचं बिल कुठल्या तरी मोठ्या ऑफिसात सहीसाठी पडलेलं असतं. कायदा नाही असंही नाही. २००६ चा कायदा सांगतो की नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीनं. आयकरातही २०२३-२४ च्या हिशोबापासून नियम झाला की मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजा मिळणार नाही. पण तक्रार करायची तर त्याच गिऱ्हाइकाविरुद्ध, ज्याच्या पुढच्या ऑर्डरवर शेड चालते. म्हणून छोटा मालक व्याज सोडतो आणि मुद्दलासाठी फोन करत राहतो.

ब्रिटनबरोबरच्या करारात केंद्र सरकारच्या खरेदीचं दारही ब्रिटिश कंपन्यांना काही प्रमाणात उघडलंय. त्या कंपन्या भांडवल घेऊन येतील. आपला शेडवाला गेल्या हंगामाची थकबाकी घेऊन त्यांच्या समोर उभा राहणार.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्यांची रांग आहे. गळीत संपलं की रोलर, पंप, गिअर यांची दुरुस्ती निघते आणि ते काम आसपासच्या मशीन शॉपांकडे जातं. या कारखान्यांच्या वार्षिक सभेत स्वदेशीवर टाळ्या पडतात, उसाच्या दरावर आवाज चढतो. ऊस उत्पादक सभासदाला थकलेल्या बिलाचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा यंदाच्या सभेत एखाद्या सभासदानं माईक हातात घ्यावा आणि अध्यक्षांना विचारावं: मागच्या बंद हंगामात ज्या लघुउद्योगांकडून काम करून घेतलं, त्यांची किती बिलं ४५ दिवसांत भागवली? आकडा अहवालात छापा.