साठ अंशांची चूक

परीक्षा संपायच्या आतच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती सुरू होतात. मुलाला कोडिंग शिकवा, नाहीतर ते मागे पडेल. आईबापांच्या पोटात गोळा आणून फी गोळा करायचा हा धंदा मला अजिबात पटत नाही. चीड जास्त येते ती यामुळे, की विकायला काढलेली गोष्ट मुळात सोन्यासारखी आहे. मुलांना प्रोग्रॅमिंग यायलाच हवं, पण नोकरीसाठी नव्हे. सहावीतलं पोर कमवायला लागेपर्यंत आजची साधनं जुनी झालेली असतील. त्याच्यापुढे आतापासून पॅकेजचा आकडा कशाला नाचवायचा?

मग शिकायचं कशासाठी? माझी भाची सहावीत आहे. गेल्या रविवारी ती स्क्रॅचवर त्रिकोण काढत होती. स्क्रॅच म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेली, २००७ पासून सगळ्यांना फुकट मिळणारी मुलांची भाषा. त्यात टाइप फारसं करावं लागत नाही, रंगीत ठोकळे एकात एक अडकवायचे. पडद्यावरचं मांजर सांगाल तसं चालतं आणि मागे रेघ ओढत जातं. भाचीने सांगितलं, शंभर पावलं जा, ६० अंशांत वळ, असं तीनदा कर. मांजर चाललं, वळलं आणि भलतीकडेच जाऊन थांबलं. त्रिकोण मिटलाच नाही. पडद्यावर अर्धा षटकोन.

‘‘मावशी, हे मांजर ऐकतच नाही गं!’’

‘‘ऐकतंय की. तू सांगितलंस तेच केलंय त्याने.’’

‘‘पण कोन ६०चाच असतो. पुस्तकात आहे.’’

मी म्हटलं, ऊठ, तूच मांजर हो. ती हॉलमधल्या फरशीवर चालायला लागली. पहिली बाजू चालून कोपऱ्यावर थांबली, पुढच्या बाजूकडे तोंड केलं आणि तशीच उभी राहिली. पुन्हा मागे जाऊन तेच केलं. मग ओरडली, ‘‘अगं, मी ६० नाही वळत, खूप जास्त वळते!’’ कोन आतला ६०चा, पण चालणाऱ्याला वळावं लागतं बाहेरून, १२० अंश. आकडा बदलला, त्रिकोण मिटला. चौकोनाला ९०, पंचकोनाला ७२ हे तिने स्वतःच काढलं, आणि सगळी वळणं मिळून ३६० होतात हे मला सांगायला स्वयंपाकघरात धावत आली. हे प्रमेय तिच्या पुस्तकात पुढे कधीतरी येईलच. पण तिचं ते झालं या रविवारी.

हे सगळं सीमोर पेपर्ट या गणितज्ञाने फार आधी ओळखलं होतं. १९६७ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा केली, पुढे तिच्या हुकमावर जमिनीवर चालणारं यंत्रकासवही आलं. मूल अडलं की पेपर्टचा सल्ला हाच, स्वतः कासव होऊन चालून बघ. प्रोग्रॅम चुकला म्हणजे पोर नापास झालं, असं तो मानत नसे. कुठे चुकलं ते शोधायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा चालवायचं, एवढंच.

आणि आपल्याकडे? कित्येक शाळांत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर आधी चपला काढायच्या, एका मशीनपुढे चौघांनी दाटीवाटीने बसायचं, फळ्यावरचा प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवायचा. पुढे तोच जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात. खाडाखोड झाली तर पान फाडा. अहो, या विषयातली शिकण्यासारखी गोष्ट ती खाडाखोडच! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलंय. तेही असंच पाठ करून घेणार असाल, तर मुलांच्या दप्तराचं ओझं तेवढं वाढेल.

मशीन नाहीत ही सबब मी ऐकून घेणार नाही. न्यूझीलंडच्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीजही न लागणारे खेळ रचलेत. पाच पुठ्ठे घ्या, त्यांवर १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढा, पाच मुलांच्या हातात देऊन ओळीत उभं करा. पुठ्ठा एकतर समोर, नाहीतर पालथा. १९ दाखवायचेत? १६, २ आणि १ समोर, बाकीचे दोन पालथे. असे ० पासून ३१ पर्यंतचे सगळे आकडे होतात, आणि प्रत्येक आकडा एकाच तऱ्हेने. कॉम्प्युटर आकडे कसे साठवतो ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराला व्हरांड्यात कळेल. खर्च जुन्या खोक्यांचा.

आता एआयच प्रोग्रॅम लिहून देतं, मग हा उपद्व्याप कशाला, असंही विचारतात. लिहून देतं, खरंय. पण दिलेलं कुठे घसरलंय हे ज्याला शोधता येत नाही, त्याला मिळेल ते निमूट घ्यावं लागतं. आपल्या पोरांनी निमूट घेऊ नये, असं मला फार वाटतं.

भाची सध्या पाच टोकांची चांदणी काढतेय. ७२ घातले की पंचकोनच येतो म्हणून वैतागली आहे. काल फोन आला तेव्हा हॉलभर खडूच्या खुणा केल्या म्हणून तिची आई मागून ओरडत होती. उत्तर मी सांगितलेलं नाही.