विलायती सुतक कसे पाळावे

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या खात्यापित्या घरी कोणी गेले, की पहिले काम रडण्याचे नसून कापड आणवण्याचे असे. रडणे सवडीने करता येई. कपडे मात्र तातडीने लागत, कारण दुःख झाल्याचा दुसरा पुरावा समाज सहसा मानीत नसे. टोपीवरची जाळी, झग्याचा पोत, पत्राच्या कागदाची किनार यांवरून कोण गेले, नाते कोणते आणि जाऊन किती महिने लोटले, हे रस्त्याने जाणाऱ्या परक्यालाही वाचता आले पाहिजे, असा या शास्त्राचा दंडक होता. दहा दिवसांच्या सुतकाला कंटाळणाऱ्यांनी पुढचा मजकूर बसून वाचावा.

सुरुवात नात्यापासून करावी, कारण सगळे वेळापत्रक त्यावर ठरते. नवरा गेला तर दोन ते अडीच वर्षे, आई-बाप किंवा अपत्य गेले तर वर्षभर, भाऊ किंवा बहीण गेली तर सहा महिने. त्याखाली काका, मामा, आत्या, मावश्या आणि त्यांची मुले अशी उतरंड काही आठवड्यांपर्यंत खाली येते. नेमक्या मुदतींवर शिष्टाचाराच्या पुस्तकांचे एकमत नव्हते. संशय आल्यास जास्तीची मुदत धरावी. कमी धरली तर लोक बोलत, जास्त धरली तर कापडवाले दुवा देत. नवऱ्याच्या नातलगांचा दुखवटा बायकोने स्वतःच्या नातलगांइतकाच पाळावा. बिजवराशी लग्न केलेल्या बाईने तर पहिल्या बायकोचे आईबाप वारले तरी काही काळ काळे नेसावे, असेही एक कलम होते. सवतीच्या माहेरचे सुतक पाळायला लावणारा शिष्टाचार जगात फार ठिकाणी सापडणार नाही.

बायको वारल्यास पुरुषाने काळा सूट घालावा, जो तो एरवीही घालीतच असे. हॅटला काळी पट्टी लावावी, हातमोजे काळे घ्यावेत आणि कामावर जावे. पुरुषांचे प्रकरण येथे संपले.

विधवेच्या दुखवट्याचा पहिला टप्पा एक वर्ष आणि एक दिवसाचा. तो वरचा दिवस विसरू नये. वर्ष कधी पुरे होते याची वाट पाहत होती, हा आरोप त्याच्यामुळे टळतो. या टप्प्यात झगा बॉम्बाझीनचा असावा. रेशमी ताणा आणि लोकरी बाणा असलेले हे कापड नॉर्विचच्या विणकरांची खासियत होती, आणि त्याचा मोठा गुण म्हणजे त्याला चमक नव्हती. चमकणारे दुःख अशिष्ट मानले जाई. या झग्यावर क्रेप चढवावे. क्रेप म्हणजे रेशीमच, पण तापलेल्या रुळांतून काढून त्याला अशा चुण्या पाडलेल्या असत, की रेशमाचे सगळे सुख त्यातून निघून जावे. एसेक्स परगण्यातल्या कोर्टोल्ड घराण्याने ही कृती काळजीपूर्वक गुप्त ठेवली आणि तिच्यावर मोठी संपत्ती उभी केली.

क्रेप वापरताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, पावसात जाऊ नये: थेंब पडला की कापडाची रया जाते आणि काळा रंग अंगावर उतरतो. जे कापड पाऊस सोसत नाही तेच इंग्लंडात दुखवट्यासाठी ठरवावे, यात मोठी दूरदृष्टी होती, निदान विकणाऱ्याची. दुसरी, तोंडावरच्या क्रेपच्या जाळीतून फार खोल श्वास घेऊ नये. ती डोळ्यांना आणि छातीला अपाय करते अशी तक्रार डॉक्टर करीत. तिसरी, मुदत संपल्यावर क्रेप घरात ठेवू नये, ते अपशकुनी. म्हणजे पुढचा मृत्यू झाला की सगळे नवीन घ्यावे. हा समज कोणी पसरवला याचा तपास करण्याची गरज नाही. त्याचा फायदा कोणाला झाला हे पुरेसे स्पष्ट आहे.

खरेदीसाठी लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर 1841 मध्ये उघडलेल्या ‘जे’ यांच्या दुकानाकडे वळावे. तेथे मरणाखेरीज दुसऱ्या कशाचाही माल ठेवलेला नसे. शोकाकुल कुटुंबाला घराबाहेर पडवत नसेल, तर पत्र किंवा तार करावी. शिवणारी आणि टोप्या करणारी अनुभवी माणसे कापडासह देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात येतील, जाण्यायेण्याचा खर्च न घेता, अशी दुकानाची जाहिरात होती. नोकरांना विसरू नये. मालक गेल्यावर स्वयंपाकीणही काळ्या कपड्यात दिसली पाहिजे. तान्ह्या बाळाला पांढरे चालते, पण त्यावर काळी फीत बांधावी.

विधवेचा पहिला टप्पा संपला की पुढचे नऊ महिने क्रेप थोडे कमी करता येते. त्यानंतरचे तीन महिने साध्या काळ्या रेशमाचे, आणि शेवटचे सहा अर्ध्या दुखवट्याचे. तेव्हा राखाडी आणि फिकट जांभळा हे रंग उघडतात. मात्र ज्या दिवशी मुदत भरली त्याच दिवशी जांभळ्यात उडी मारू नये. रंग हळूहळू यावा. या शेवटच्या टप्प्याला विज्ञानाने अनपेक्षित मदत केली. 1856 मध्ये विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा डांबरापासून निघणाऱ्या रसायनांतून हिवतापावरचे क्विनीन बनवू पाहत होता. क्विनीन झाले नाही. भांड्याच्या तळाशी काळा गाळ उरला आणि त्यातून मोव्ह नावाचा जांभळा रंग निघाला. हिवतापाचे रोगी होते तेथेच राहिले, अर्ध्या दुखवट्यातल्या बायकांना मात्र रंगाची कमतरता राहिली नाही.

दागिन्यांत जेट घ्यावे. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी गावाजवळ कड्यांतून मिळणारा हा काळा पदार्थ दगड नव्हेच. तो सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या झाडांच्या लाकडाचा बनलेला आहे. हलका असल्यामुळे त्याच्या भल्या मोठ्या माळा गळ्यात पेलता येतात. नकली मालापासून सावध राहावे. काळी काच आणि कडक केलेले रबर जेटच्या नावाने खपवले जाई. काच हाताला थंड आणि जड लागते. खरे जेट बिनझिलईच्या चिनीमातीवर घासले तर तपकिरी रेघ उमटते. सांत्वनाला आलेल्या बाईच्या माळेवर ही परीक्षा तिच्यासमोर करू नये.

याहून जवळिकीचा दागिना म्हणजे मृताचे केस. ते कापून, सोड्याच्या पाण्यात उकळून, स्निग्धपणा काढून गोफासारखे विणावेत. त्यांची घड्याळाची साखळी, कर्णफुले, ब्रोच, अंगठी काहीही होते. सोनाराकडे देण्याचा एक धोका होता: पुरेसे किंवा विणायला सोपे नसले तर तो भलत्याचेच केस घालून देतो, अशी कुजबुज असे, आणि विधवा वर्षानुवर्षे एखाद्या अनोळखी माणसाचे केस हृदयाशी धरून बसण्याची शक्यता उरे. म्हणून केसकाम घरीच शिकावे, असा सल्ला देणारी आणि कृती सांगणारी पुस्तके निघाली. इतका भीतिदायक आणि इतका प्रेमळ छंद दुसरा नसेल.

पत्रव्यवहार काळ्या किनारीच्या कागदावर करावा. किनार पहिल्या महिन्यांत जाड, मग क्रमाने बारीक. मृताचा फोटो काढायचा असल्यास, विशेषतः लहान मुलाचा, फोटोवाल्याला घरी बोलावावे. पुष्कळदा तो त्या मुलाचा पहिला आणि एकमेव फोटो असे. लोखंडी आधार लावून प्रेत उभे करीत, या अलीकडच्या गप्पेवर विश्वास ठेवू नये. ते आधार जिवंत गिऱ्हाइकाची मान हलू नये म्हणून असत, आणि प्रेताचे वजन त्यांना पेलणारे नव्हते.

अंत्ययात्रेसाठी काळे घोडे, त्यांच्या डोक्यावर शहामृगाच्या पिसांचे तुरे आणि दाराशी भाड्याने आणलेले दोन उदास पुरुष एवढे किमान असावे. या पुरुषांना ‘मुके’ म्हणत. गप्प राहून दुःखी दिसणे हेच त्यांचे काम. डिकन्सच्या कादंबरीतल्या ऑलिव्हर ट्विस्टला त्याच्या पडलेल्या चेहऱ्यामुळे मुलांच्या अंत्ययात्रांत हीच नोकरी मिळते. थाट किती करावा याला मर्यादा असावी, हे नोव्हेंबर 1852 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या यात्रेत दिसले. कित्येक टन वजनाचा काशाचा गाडा बारा घोडे ओढत होते, तरी तो वाटेत चिखलात रुतला.

गरिबांनीही हे शास्त्र सोडू नये अशी अपेक्षा होती. म्हणून ते दफनमंडळात दर आठवड्याला पेनी भरीत. पोटाला कमी पडले तरी चालेल, पण सरकारी खर्चाने पुरले जाण्याची नामुष्की नको. लंडनकरांना 1854 पासून वॉटर्लूहून ब्रुकवुडच्या दफनभूमीपर्यंत मृतांची खास आगगाडीही होती. तिच्यात शवपेट्यांनाही पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग असे. नातलगांना परतीचे तिकीट मिळे, पेटीला एकेरीच. चर्च ऑफ इंग्लंडचे आणि इतर पंथांचे मृत वेगवेगळ्या स्थानकांवर उतरत, म्हणजे चुकीच्या संगतीत पुनरुत्थान होण्याची भीती नाही.

या सगळ्याला नकार देणारेही होते. 1870 मध्ये वारलेल्या डिकन्सने मृत्युपत्रात बजावले होते, की आपल्या दफनाला येणाऱ्यांनी उपरणे, झगा, काळी फीत, लांब हॅटपट्टी असला काही प्रकार अंगावर घालू नये.

खुद्द राणीने मात्र या वेळापत्रकाचा सर्वांत मोठा भंग केला. 14 डिसेंबर 1861 रोजी विंडसर येथे तिचा नवरा अल्बर्ट वारला तेव्हा दोघेही बेचाळीस वर्षांचे होते. तिने पहिला टप्पा सुरू केला आणि तो संपवलाच नाही. अर्ध्या दुखवट्याचा जांभळा रंग जवळजवळ चाळीस वर्षे वाट पाहत राहिला. अल्बर्टच्या खोलीत रोज त्याचे कपडे मांडले जात, दाढीचे गरम पाणी नेले जाई. आणि 22 जानेवारी 1901 रोजी ती गेली तेव्हा कळले, की स्वतःच्या अंत्ययात्रेत तिला काळा रंग नको आहे. शवपेटीत तिला पांढरा पोशाख आणि लग्नातली जाळीदार ओढणी घातली होती, सोबत अल्बर्टचा घरात वापरायचा झगा ठेवला होता. लंडनच्या रस्त्यांवर जांभळी कापडे पांढऱ्या गाठींनी लटकत होती. ती पाहायला लोटलेली प्रजा शास्त्राप्रमाणे नखशिखान्त काळ्यात उभी होती.