जर्मनवाहनचिकित्सा : एक शास्त्रविचार

मराठीत लोणच्यापासून श्राद्धापर्यंत प्रत्येक विधीची पोथी मिळते. स्वतःच्या पोर्चमध्ये मर्सिडीजखाली उताणे पडण्याच्या विधीची मात्र मिळत नाही. म्हैसूरच्या सरस्वतीपुरम् आणि कुवेंपुनगर भागांत स्थायिक झालेल्या मराठी गृहस्थांचा आचार पाहून ही उणीव येथे भरून काढली आहे. शास्त्रारंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन ही चार सांगावीत, असा पूर्वसूरींचा दंडक आहे. त्यात प्रयोजन शेवटी येते हे बरे, कारण सगळा वाद त्यावरच आहे.

अधिकारी. नवी कोरी गाडी घेणारा या शास्त्राचा अधिकारी नव्हे. तो किल्ली सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ठेवतो, कॉफी पितो आणि बिलाकडे न पाहता सही करतो. अधिकारी तो, ज्याच्या हाती गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकीत आली. एव्हाना गाडीची किंमत उतरलेली असते, सुट्या भागांची उतरलेली नसते. या दोन आकड्यांमधल्या खिंडीत घरगुती मेकॅनिक जन्माला येतो.

म्हैसुरात त्याला वारसाही आहे. इथल्या यादवगिरीच्या आयडियल जावा कारखान्यात 1960 पासून 1996 पर्यंत आधी जावा, मग येझदी मोटरसायकली बनल्या. या गाड्यांचा किकचा आणि गिअरचा दांडा एकच. त्यांच्यावर हात बसलेल्या पिढीची अशी ठाम समजूत झाली की प्लगचा पाना, पक्कड आणि बनियन एवढ्यावर कोणतेही इंजिन उघडता येते. जर्मन गाडी ही समजूत पहिल्याच रविवारी दूर करते.

विषय. जर्मन बोल्ट दहा-अकराच्या पान्याला दाद देत नाही. त्याच्या डोक्यावर सहा टोकांची चांदणी असते. कधी ती खोल कोरलेली, कधी वर उठलेली, आणि दोहोंना वेगवेगळे सॉकेट. शेजाऱ्याच्या मारुतीत चाकाचे स्टड हबलाच असतात. चाक अडकवावे, नट फिरवावेत, झाले. जर्मन गाडीत स्टडच नाहीत. वजनदार चाक पायाच्या चवड्यावर तोलून धरायचे, भोकाला भोक जुळवायचे आणि मोकळ्या हाताने बोल्ट आत घालायचा. हे आसन म्हैसूरच्या कोणत्याही योगशाळेत शिकवत नाहीत. पुढे बोल्ट आवळायचा तोही अंदाजाने नव्हे. बीएमडब्ल्यूच्या ई-90 पिढीला 120 न्यूटन-मीटर म्हणजे 120. कमी झाले तर चाक सैल, जास्त झाले तर आटे जातात. म्हणून टॉर्क रेंच घ्यावा लागतो.

बीएमडब्ल्यूच्याच बऱ्याच इंजिनांत ऑइल पाहायची पट्टीच नाही. ऑइल किती आहे ते गाडी पडद्यावर सांगते, तेही तिला वाटेल तेव्हा. बॅटरी बदलली की ती बदलल्याची वर्दी गाडीच्या संगणकाला द्यावी लागते, नाहीतर तो नव्या बॅटरीला जुनी समजूनच चार्ज करीत राहतो. म्हणून स्कॅनर घ्यावा लागतो. एन-47 या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. तिथे मात्र कोणतेही हत्यार घेऊ नये. तिथे हात जोडावेत.

निदानाबाबत थोडे. नैयायिकांनी धुरावरून अग्नी ओळखला, पण धुराचा रंग विचारला नाही. आमच्या शास्त्रात रंग हेच प्रमाण. निळा धूर दिसला तर ऑइल जळते आहे. काळा दिसला तर डिझेल गरजेपेक्षा जास्त जाते आहे. दाट पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना तर कूलंट आत शिरले आहे आणि मालकाने बसून घ्यावे. अनुमान पक्के करण्यासाठी चामुंडी टेकडीवर ट्रायल घ्यावी. चढताना इंजिन कळते, उतरताना ब्रेक कळतात.

संबंध. मराठी माणसाचा आणि या गाडीचा संबंध काय, असे कोणी विचारील. 1995 साली मर्सिडीजची ई-क्लास पुण्याजवळ टेल्कोच्या आवारात तयार होऊ लागली. 2009 मध्ये कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला झाला. तेव्हा म्हैसूरच्या पोर्चमधली ती मर्सिडीज म्हणजे चाकणची माहेरवाशीण. तिची विचारपूस मराठी माणसाने नाही करायची तर कोणी?

आणि घरगुती दुरुस्ती हा कंपनीविरुद्धचा द्रोह, असे म्हणणाऱ्याने कुलवृत्तांत वाचावा. ऑगस्ट 1888 मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याच्याच मोटारीतून मॅनहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाल्या. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, मोजाबंदाने विजेची तार गुंडाळली, औषधाच्या दुकानातून इंधन घेतले आणि मोच्याकडून ब्रेकच्या ठोकळ्यांना चामडे ठोकून घेतले. या संप्रदायाच्या आद्य आचार्य त्याच. त्यांच्यापाशी स्कॅनर नव्हता हे खरे, पण गाडीलाही मत नव्हते.

प्रयोजन. पूर्वपक्ष असा, की पैसे वाचतात. याचे खंडन पोर्चच्या पायरीवर उभे राहून गृहिणीच करते.

“अहो, ऑइल बदललंत ना? मग हा खोका कसला आलाय?”

“सक्शन पंप. पट्टीच्या नळीतून जुनं ऑइल वर ओढता येतं. गाडीखाली जावं लागत नाही.”

“आणि गेल्या महिन्यात तो जॅक घेतलात तो?”

“तो गाडीखाली जायला.”

“तेवढ्या पैशांत सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी धुऊनसुद्धा दिली असती.”

हा आक्षेप बिनतोड आहे. त्यात जळक्या ऑइलचे डबेही धरावेत. ते गटारात ओतता येत नाही, टाकवत नाही आणि वाळवी लागेल असे लाकूड घरात उरलेले नाही. म्हणून डबे जिन्याखाली वाढत जातात. कंपन्या आवळा देऊन कोहळा काढतात. घरगुती मेकॅनिक स्वखुशीने कोहळा देऊन आवळा काढतो आणि वर तो चारचौघांना दाखवतो.

तेव्हा सिद्धान्त वेगळा आहे. गाडी हे साध्य आणि हत्यार हे साधन, ही लोकसमजूत उलटी आहे. हत्यार हेच साध्य. गाडी हे ते विकत घेण्याचे निमित्त. जी गाडी कधी बिघडत नाही, ती घेऊन माणूस नुसता गावाला जाऊ शकतो.

याला आचाराचे प्रमाण आहे. खंडेनवमीला म्हैसूरच्या राजवाड्यात शस्त्रे, हत्ती, घोडे आणि वाहने यांची पूजा होते. गावभर चाकाखाली लिंबे चिरडतात, रस्तोरस्ती कोहळे फुटतात. आमचे गृहस्थही गाडीला शेवंतीचा हार घालतात, पण उभ्याउभ्या, घाईने. मग आत येऊन पाटावर सॉकेटचा संच मांडतात. सहाचा, आठचा, दहाचा असा क्रम लावतात. दहाचा नेहमीप्रमाणे हरवलेला असतो. त्याच्या रिकाम्या खाचेतही अक्षता पडतात. टॉर्क रेंचला गंध लावताना त्याच्या आकड्यांवर थेंब जाऊ नये म्हणून कापूस धरतात. गाडीवर सांडलेले कुंकू दुसऱ्या दिवशी पाऊस धुतो.

फलश्रुती. हे शास्त्र जो नित्य आचरील त्याची गाडी चालेलच असे नाही, पण आळीतल्या प्रत्येकाचा अडलेला नट त्याच्या दारी येईल. त्याने एवढे पथ्य पाळावे : कोणी गाडी मागितली तर किल्ली द्यावी, टॉर्क रेंच मागितला तर स्वतः जाऊन आवळून यावे.