सकाळी सहाला निघायचं

शिरूरचं एखादं घर दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जायचं ठरवतं, तेव्हा त्याला फिरायला जाणं म्हणायची रीत आहे. प्रत्यक्षात ती वर्षभर तुंबलेल्या कामांची निकाली बैठक असते. आजोबांचे डोळे दाखवायचे, धाकटीच्या लग्नाचा बस्ता लक्ष्मी रोडला, दगडूशेठचं दर्शन, पोरांना शनिवारवाडा, जाता जाता खराडीला मेव्हण्याचा नवा फ्लॅट ('नुसतं पाणी पिऊन निघू') आणि वेळ उरलाच तर सारसबाग. हे सगळं एका दिवसात, एका गाडीत, नऊ माणसं.

प्लॅनचं पहिलं कलम ठरलेलं: सहाला निघायचं. सहा वाजता गाडी निघत नाही, आंघोळीच्या नंबरावरून भांडण निघतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी आठ म्हणायची कुणाची छाती होत नाही, कारण आठ म्हटलं की साडेदहा. मग रांजणगावच्या महागणपतीला उभ्या उभ्या हात जोडायचे. अष्टविनायकातला गणपती वाटेवर असताना तसंच पुढे जाणं आत्याला पटत नाही. त्या उभ्या उभ्यातच धपाट्यांचा डबा उघडतो. शिक्रापूरला चाकणकडे वळणारे कंटेनर आडवे येतात आणि वाघोलीत मोबाईलवरचा नकाशा लाल होतो, पाठोपाठ गाडी चालवणारे मामाही.

वाघोली 2021 साली पुणे महापालिकेत गेली. म्हणजे पुणं शिरूरच्या दिशेनं सरकलं, रस्ता तेवढा कमी व्हायला हवा होता. झालं एवढंच की पूर्वी आपण पुण्याच्या अलीकडे अडकायचो, आता पुण्यात पोचून अडकतो. खरं तर कागद बघितला तर निघायचीही गरज नाही. अख्खं हडपसर आणि भोसरी शिरूर लोकसभा मतदारसंघात आहे. शेजारचा दौंड बारामती मतदारसंघात, आणि खडकवासलाही तिथेच. मत द्यायला आपण एका अंगणात, बस्ता बांधायला मात्र 65-70 किलोमीटर.

दौंडचे व्याही या गोंधळात नसतात. त्यांचं जंक्शन आहे, मनमाड आणि बारामतीचे फाटे तिथूनच फुटतात. शिरूरला रूळ म्हणून नाही. विहीणबाई हे दर भेटीत सौम्यपणे ऐकवतात. 'आम्ही बाई डेमूनं येतो, तुम्ही या सावकाश.' भेटायचं ठिकाण मंडईचं मेट्रो स्टेशन, वेळ अकरा. शिरूरची गाडी रामवाडीला लावून मंडळी मेट्रोत शिरतात आणि जिल्हा न्यायालय स्टेशनात गाडी बदलायला उतरतात. हे स्टेशन जमिनीखाली सुमारे 33 मीटर. सरकत्या जिन्यासमोर आत्या पदर खोचून उभी राहते, एक पाय पुढे टाकते, मागे घेते, पुन्हा टाकते, आणि तिच्यामागे निम्मं पुणं खोळंबतं. 'आमच्या विहिरीलाही एवढ्या पायऱ्या नाहीत,' असं म्हणून ती शेवटी लिफ्ट शोधते. पोरांच्या मते ट्रिप इथेच वसूल झालेली असते.

मग बस्ता. पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग कमरेपर्यंत येतो, चहा दोनदा येतो, आणि जो रंग नवरीला आवडतो तो जावेच्या मुलीच्या लग्नात 'झालेला' असतो. तीच पैठणी शिरूरच्या पेठेत मिळते, कधी कधी चार पैसे कमी दरात. पण 'पुण्याहून घेतली' हे वाक्य शिरूरात विकत मिळत नाही. डोळ्यांचंही तसंच. तपासणारे डॉक्टर शिरूरलाही आहेत, पण भावकीत सांगायला पुण्याचा डॉक्टर लागतो. त्या डॉक्टरांकडचा नंबर बस्त्याच्या तिसऱ्या ढिगाखाली निघून जातो. आजोबांची तक्रार नसते. गादीला टेकून त्यांची झोप चांगली झालेली असते. मेव्हण्याचे मात्र एव्हाना पाच फोन झालेले असतात, पाणी गार होतंय म्हणून.

परतीचा प्लॅन कुणी केलेलाच नसतो. दौंडकरांची गाडी मानपानाच्या टोप्या-टॉवेलात चुकते आणि जंक्शनचा तोरा पुणे स्टेशनच्या बाकावर पुढच्या गाडीची वाट बघत बसतो. पुण्याहून दौंडकडे वेळापत्रक न बघता नेमानं जाते ती मुळा-मुठा. तिला वाघोलीचा चौक लागत नाही की बस्ता बांधायचा नसतो. अख्ख्या शहराचं सांडपाणी पोटात घेऊन ती दौंड तालुक्यातून थेट भीमेला भिडते, एकही दिवस खाडा नाही. महापालिकेची एवढी तत्पर सेवा खुद्द पुणेकरांच्याही वाट्याला आलेली नाही.