श्रीरिक्तपदमाहात्म्य

ज्या सेवकाने आजवर कधी रजेचा अर्ज दिला नाही, वैद्यकीय खर्चाचे देयक सादर केले नाही, बदली टळावी म्हणून आमदारांचे शिफारसपत्र आणले नाही, महागाई भत्त्याच्या थकबाकीची विचारपूस केली नाही आणि साहेबांच्या निरोपसमारंभाची वर्गणी मागितली असता कपाळाला आठी घातली नाही, अशा आदर्श सेवकाचा महाराष्ट्र शासनाने अद्याप यथोचित गौरव केलेला नाही, ही गोष्ट कृतघ्नपणाची नसली तरी अनवधानाची खास आहे. या सेवकाचे नाव रिक्त पद. 2022 च्या अखेरीस राज्याच्या सुमारे 7 लाख 17 हजार मंजूर पदांपैकी 2 लाख 44 हजारांच्या घरात पदे रिक्त असल्याचे उघड झाले. म्हणजे सरकारदरबारच्या दर तीन खुर्च्यांपैकी एकीवर हाच निराकार पुरुष विराजमान झालेला होता. एवढ्या प्रचंड संख्याबळाच्या संवर्गाने अद्याप स्वतःची संघटना काढू नये आणि मंत्रालयासमोर एकदाही द्वारसभा घेऊ नये, यावरून त्याच्या शालीनतेची कल्पना यावी.

रिक्त पदाचा जन्म बहुधा 1 जूनला होतो. यामागे एक जुना इतिहास आहे. खेड्यातील बाप मुलाला शाळेत घालावयास जूनमध्ये येई, मुलगा केव्हा जन्मला असे विचारल्यावर ‘मोठा पूर आला होता त्या साली’ एवढेच सांगे, आणि दाखलपुस्तकाचा रकाना मोकळा ठेवणे ज्यांच्या शिस्तीत बसत नव्हते ते मास्तर तेथे 1 जून ही तारीख निःशंकपणे लिहून मोकळे होत. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला सेवक आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम असल्यामुळे, 31 मे रोजी सायंकाळी महाराष्ट्रातील कचेऱ्यांतून शाल-श्रीफळाची जी लयलूट होते, तिचे खरे कर्ते ते कैलासवासी मास्तर होत. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहा वाजता कचेरी उघडते, तेव्हा नवा सेवक आपल्या जागी हजर असतो. पद भरण्याचा प्रस्ताव यथावकाश निघतो, आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घेण्यासाठी जातो, परत येतो, वित्त विभागाकडे जातो, आणि ‘सुधारित आकृतिबंध मंजूर होईपर्यंत थांबावे’ असा शेरा लेऊन माघारी येतो. आकृतिबंध सुधारण्याचे काम ज्या टेबलावर असते, ते टेबल सांभाळणारा गृहस्थ दरम्यान 31 मे रोजी शाल घेऊन घरी गेलेला असतो.

काम मात्र थांबत नाही. ते ‘अतिरिक्त कार्यभार’ या नावाने शेजारच्या माणसाच्या अंगावर येऊन पडते. एखाद्या तलाठी सजाच्या कचेरीचे दार पाहावे. दाराला कुलूप असते आणि कुलपाच्या वर वहीचे फाडलेले पान खळीने डकवलेले असते : सोमवारी येथे, मंगळवारी पलीकडच्या सजात, बुधवारी तहसीलला आढावा बैठक, गुरुवारी पंचनामे; शुक्रवारच्या पुढची शाई पावसाने पुसलेली असते. वारसाची नोंद करवून घेण्यासाठी आलेला म्हातारा ते पान वाचतो, पोरगा मोबाइलवर त्याचा फोटो काढतो आणि दोघेही कोतवालाला शोधावयास निघतात. या दुरवस्थेकडे शासनाचे लक्ष नाही असे मात्र कोणी म्हणू नये. 2024 साली शासनाने तलाठी हे पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे भारदस्त नाव दिले. पद भरण्यापेक्षा पदनाम भरणे अल्पखर्चिक असते, आणि त्याला बिंदुनामावलीही लागत नाही.

वेतनाचा भार असह्य झाला आहे, ही वित्त विभागाची तक्रार खोटी नव्हे. 1947 साली पहिल्या वेतन आयोगाने सरकारी सेवकास महागाई भत्त्यासह दरमहा किमान 55 रुपये ठरवून दिले; सातव्या आयोगाने ते मूळ वेतनच 18 हजार केले; आणि 2024-25 च्या राज्याच्या अंदाजपत्रकात वेतनाचा आकडा दीड लाख कोटींच्या व निवृत्तिवेतनाचा सत्तर हजार कोटींच्या पलीकडे गेला. या दुखण्यावरचा उपाय पाचव्या केंद्रीय आयोगाने 1997 मध्येच सांगून ठेवला होता. पगार वाढवा, पण दहा वर्षांत नोकरवर्ग तीस टक्क्यांनी घटवा, अशी ती जोडशिफारस होती. त्यातला पहिला अर्धा भाग मायबाप सरकारने शिरोधार्य मानला, किंबहुना काकणभर अधिकच दिला. दुसऱ्या अर्ध्याला हात लावण्याची छाती कोणाला झाली नाही. आणि तरीही, आज आपल्याकडे पदांचा तिसरा हिस्सा मोकळा आहे! ज्या कपातीवर कोणत्याही मंत्र्याने सही केली नाही, जिच्यावर विधिमंडळात चर्चा झाली नाही आणि जिचा शासननिर्णय निघाला नाही, ती कपात केवळ काही न करण्याने तडीस गेली, हा राज्यकारभाराच्या इतिहासातला लहानसा चमत्कार नव्हे. उत्तर पेशवाईत सरदार मंडळी पागेत नसलेले घोडे हजिरीत दाखवून सरकारातून तैनात उकळीत, असे दप्तरे सांगतात. आमच्या काळी घोडा पागेत नाही हे उघडपणे मान्य आहे, त्याची तैनातही वाचते आहे; स्वारी तेवढी पायी चालली आहे.

अधूनमधून खुर्चीवर सदेह माणूस बसवण्याची गरज पडतेच, आणि तेव्हा शासनाची प्रतिभा खरोखर बहरास येते. डिसेंबर 2020 मध्ये अनुदानित शाळांतील शिपायाच्या जागी ‘शिपाई भत्ता’ अवतरला : मुंबई-पुण्यात दरमहा दहा हजार, इतर महापालिकांत साडेसात हजार, ग्रामीण भागात पाच हजार. शिपाई मर्त्य होता. भत्ता अमर आहे, कारण त्याला निवृत्तिवेतन नाही. शाळेची घंटा मात्र भत्त्याला वाजवता येत नाही, सबब ती अनेक ठिकाणी मुख्याध्यापक वाजवतात. 2023 च्या जुलैत शिक्षकांची वाण पडली तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवलेल्या गुरुजींनाच वीस हजारांच्या मानधनावर, वयाच्या सत्तरीपर्यंत, परत बोलावण्याचे ठरले. त्याच साली प्राथमिक शाळेतल्या ताज्या दमाच्या शिक्षणसेवकाचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार झाले होते. उमेदवारीपेक्षा वार्धक्याला चार हजार अधिक देणारे शासन वडीलधाऱ्यांचा मान राखत नाही, असे कोण म्हणेल? पुढे सप्टेंबरात बाह्य यंत्रणांकडून अतिकुशल, कुशल, अर्धकुशल व अकुशल अशी माणसे पुरवून घेण्याचा निर्णय निघाला. तरुण मंडळी खवळली. ऑक्टोबरात तो निर्णय मागे घेतला गेला. रिक्त पदांना त्या काळात अंमळ धाकधूक झाली असावी.

कायम भरती होतच नाही, असाही आरोप खरा नाही. 2023 मध्ये तलाठ्यांच्या 4,644 जागांची जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षाशुल्क खुल्या वर्गास एक हजार व राखीव वर्गास नऊशे रुपये. हा गुणाकार कमीत कमी दराने केला तरी नव्वद कोटींच्या वर जातो. पद रिक्त असताना वेतन वाचवते आणि भरावयाचे ठरले की शुल्क मिळवून देते, अशी दोन्ही हातांनी दूध देणारी गाय सरकारी गोठ्यात दुसरी नाही. निकाल लागला तेव्हा गुणांच्या समानीकरणानंतर दोनशे गुणांच्या परीक्षेत कोणास 214 गुण पडल्याचे दिसून आले. ज्या राज्यात तीन खुर्च्यांत दोन माणसे बसतात, तेथे दोनशेत दोनशे चौदा बसले तर हिशेब कोठेतरी जुळतोच.

1977-78 च्या संपात राज्यातील कर्मचारी चोपन्न दिवस बाहेर राहिले; 2023 च्या मार्चमध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेसह सुरू झालेला संप सातव्या दिवशी मिटला. दोन्ही वेळा सरकारचा जीव टांगणीला लागला होता. रिक्त पद वर्षानुवर्षे गैरहजर असते, आणि त्याच्याशी वाटाघाटी करण्यासाठी उपसमिती नेमावी लागत नाही.

आता न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा केंद्रीय वेतन आयोग बसला आहे. अहवालास अठरा महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर राज्याची समिती आणि मग थकबाकीचे हप्ते, हा क्रम ठरलेला आहे. सातव्या आयोगाच्या वेळी तो लागू झाल्याची तारीख 1 जानेवारी 2016 होती आणि राज्याचा निर्णय उजाडावयास 2018 चा डिसेंबर सरत आला होता. तेव्हा येत्या दोन-चार वर्षांत जे निवृत्त होणार आहेत, त्यांनी आपापले सेवापुस्तक आताच मागवून वेतननिश्चितीच्या नोंदी स्वतः तपासून घ्याव्यात. त्या तपासणाऱ्या लिपिकाचे पद भरलेले असेलच असे नाही.